कप्तानाला उठवायला हात का धजत नाही

"पंधरा-अठरा वर्षं पारखून, गाळून-चाळून ज्याच्या हाती युद्धनौका देतात, तोच माणूस कप्तान झाल्यावर शिवीगाळ, लाच, दारू असल्या कारणांवरून पदावरून का काढला जातो? आणि वरच्यांना हे आधी दिसत कसं नाही?" असा प्रश्न विचारला आहे. मी नौदलात सव्वीस वर्षं काढली. त्यातली निम्म्याहून अधिक समुद्रावर गेली, दोन जहाजांची कमान सांभाळली आणि शेवटची काही वर्षं चौकशी मंडळांवर बसलो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे. वरच्यांना दिसत नाही, कारण ते कप्तानाला वरून पाहतात. ताफ्याच्या प्रमुखाला दिसतं ते वेळेवर बंदरातून सुटणारं जहाज, चकचकीत डेक, तोफांच्या सरावातले गुण, कागदावर पुरी झालेली दुरुस्ती. हे सगळं माणसांना पिळूनही मिळवता येतं. वर्ष-दीड वर्ष तर सहज मिळवता येतं, आणि कप्तानाची नेमणूक असते साधारण तेवढीच. पिळल्याचे परिणाम वर येईपर्यंत हा शाबासकी घेऊन पुढच्या जागी गेलेला असतो. खालून मात्र पहिल्याच आठवड्यात सगळं कळलेलं असतं. सुकाणूवरच्या नाविकाला कळतं, केबिनमध्ये चहा घेऊन जाणाऱ्या पोऱ्याला कळतं. त्यांना विचारायची पद्धत नसते, एवढंच.

मी नवा वॉचकीपर, म्हणजे पाळीपाळीने जहाज सांभाळणारा अधिकारी, होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. जहाजाचं आणि कप्तानांचं नाव लिहीत नाही.

प्रत्येक कप्तान रात्री झोपायला जाण्यापूर्वी नाइट ऑर्डर बुकात सूचना लिहून सही करतो आणि वॉचवर येणारा प्रत्येक अधिकारी ती वाचून खाली सही करतो. आमच्या बुकात शेवटची ओळ ठरलेली होती: 'जराही शंका आली तर मला उठवा.' एका सहकाऱ्याने या ओळीवर विश्वास ठेवून एका रात्री कप्तानांना उठवलं. ते वर येईपर्यंत समोरचं जहाज आपणहून वळून निघून गेलं होतं. मग ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, नाविकांदेखत, त्याची वीस मिनिटं सालपटं काढली गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर पुन्हा तोच विषय. तो पोरगा त्यानंतर जेवताना मान वर करायचा नाही.

त्यानंतर आठवड्याभराने मध्यरात्री बारा ते चारचा वॉच माझा होता. ब्रिजवर काळोख, रडारच्या पडद्याचा काय तो उजेड. उजव्या हाताला मासेमारीच्या बोटींचा पुंजका आणि त्यांच्या पलीकडून एक मोठं मालवाहू जहाज आमच्या वाटेवर येत होतं. त्याचं बेअरिंग, म्हणजे आमच्याकडून दिसणारी त्याची दिशा, बदलत नव्हतं. समुद्रावर याचा अर्थ एकच: दोघं असेच चालत राहिलो तर टक्कर. अंतर सहा मैल. फोन तेव्हाच उचलायला हवा होता. माझा हात रिसीव्हरवर होता, घामाने तो निसटत होता, आणि मी डोक्यात वाक्य जुळवत होतो, की कोणत्या शब्दांत सांगितलं तर ओरडा कमी बसेल. पाच मैल झाले. चार झाले. शेवटी सुकाणूपाशी उभा असलेला जुना पेटी ऑफिसर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "साहेब, उठवा. काय बोलायचं ते मला बोलू देत."

कप्तान आले, एका नजरेत सगळं हेरलं, वेग उतरवला, मालवाहू जहाजाला पुढून जाऊ दिलं. दोन मिनिटांत प्रश्न मिटला. फार उत्तम दर्यावर्दी होते ते, हे आजही म्हणेन. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "इतका वेळ काय करत होतास? आधी का नाही बोलावलंस?" आणि त्यांना ते खरोखरच कळत नव्हतं. आपल्या शेवटच्या ओळीवर या जहाजावर कुणाचा विश्वास उरलेला नाही, हे त्या जहाजावर फक्त त्यांनाच माहीत नव्हतं.

कप्तानाचं अपयश माझ्या मते इथून सुरू होतं. वाईट बातमी त्याच्यापर्यंत यायची थांबते. पुढे ते टकरीच्या रूपाने बाहेर पडतं, छळाच्या तक्रारीच्या, नाहीतर बंदरातल्या लाचेच्या. पण मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं, की या माणसाला 'साहेब, हे चुकतंय' म्हणणारं कुणी उरलेलं नसतं.

१७ जून २०१७ च्या रात्री दीडच्या सुमाराला जपानजवळ अमेरिकेची विनाशिका 'फिट्झजेराल्ड' एका मालवाहू जहाजावर आदळली. सात नाविक बुडाले. कप्तान केबिनमध्ये झोपले होते. जवळून जाणाऱ्या जहाजांची खबर त्यांना द्यावी असा स्थायी आदेश होता, पण वॉचवरच्या अधिकाऱ्याने फोन केलाच नाही. ब्रिज आणि खालचा ऑपरेशन्स रूम यांच्यातही धड बोलणं नव्हतं. तिथे कप्तानाचा धाक कारणीभूत होता असं मी म्हणत नाही. त्यांनी कमान घेऊन जेमतेम महिना झाला होता. पण तो न केलेला फोन वाचला तेव्हा माझ्या तळहाताला पुन्हा तोच घाम फुटला.

जुन्या काळातलं याचं सर्वांत भयंकर उदाहरण म्हणजे ब्रिटिशांचं 'व्हिक्टोरिया'. २२ जून १८९३, आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीसमोरचा शांत समुद्र, लख्ख दिवस. व्हाइस अ‍ॅडमिरल ट्रायन यांनी जहाजांच्या दोन समांतर रांगांना एकमेकींकडे वळायचा हुकूम दिला. दोन रांगांमध्ये अंतर सहा केबल, म्हणजे सुमारे बाराशे यार्ड. वळायला किमान आठ केबल हवेत, हे त्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यांना आधी सांगितलं होतं, त्यांनी मानही डोलावली होती. तरी हुकूम निघाला तो सहाचाच. दुसऱ्या रांगेचे प्रमुख मार्कहॅम यांना तो चमत्कारिक वाटला, ते घुटमळले. ट्रायन यांच्याकडून सगळ्या ताफ्यासमोर विचारणा झाली: कशाची वाट पाहताय? मार्कहॅम वळले. त्यांच्या 'कँपरडाउन'ने 'व्हिक्टोरिया'ची कूस फोडली आणि ३५८ माणसं गेली, ट्रायनही गेले. ट्रायन त्या काळचे सर्वांत हुशार नौसेनानी मानले जात. ते बुद्धीत कमी पडले नाहीत. त्यांच्या बुद्धीपुढे इतरांनी आपली बुद्धी वापरायची सोडली होती.

कौशल्य आणि नेतृत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नौदलाला पटायला फार वेळ लागतो. 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजाचा कप्तान ब्लाय घ्या. एप्रिल १७८९ मध्ये बंडखोरांनी त्याला अठरा माणसांसह एका उघड्या होडीत सोडून दिलं, आणि त्याने ती होडी साडेसहा हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडून सुमारे सात आठवड्यांत तिमोरला नेली. असा दर्यावर्दी शतकात एखादाच. फटक्यांची शिक्षाही तो त्या काळच्या इतर कप्तानांच्या मानाने कमीच द्यायचा. वाईट होती ती त्याची जीभ. माणसांना सगळ्यांसमोर चोर, भित्रे म्हणणारी. पुढे न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर असतानाही, १८०८ मध्ये, त्याच्याविरुद्ध बंड झालंच. १९४६ च्या मुंबईतल्या नाविकांच्या उठावाला राजकीय कारणं होती, अन्नाची आणि पगाराची होती. पण ठिणगी पडली ती 'तलवार' या तळावर, आणि तिथले कमांडर किंग नाविकांना ज्या शब्दांत हाका मारत ते शब्द त्या ठिणगीत होते. तक्रार केली तर तक्रार करणाऱ्यांनाच दम मिळाला. १८ फेब्रुवारीला त्यांनी जेवण नाकारलं आणि बघता बघता हजारो नाविक त्यात उतरले.

आता गैरवर्तनाकडे येतो. इथे मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं प्रकरण ऑस्ट्रेलियाचं आहे. १० फेब्रुवारी १९६४ च्या रात्री 'व्हॉयेजर' ही विनाशिका विमानवाहू 'मेलबर्न'च्या थेट समोरून वळली आणि दोन तुकडे होऊन बुडाली. ८२ जण गेले. 'व्हॉयेजर'चे कप्तान स्टीव्हन्स त्यातच गेले. पहिल्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) 'मेलबर्न'चे कप्तान रॉबर्टसन यांच्यावरही ठपका ठेवला, ते राजीनामा देऊन बाहेर पडले. मग 'व्हॉयेजर'वर स्टीव्हन्स यांच्या हाताखाली आधी एक्झिक्युटिव्ह ऑफिसर (एक्सओ, कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी) राहिलेले कॅबन पुढे आले आणि कप्तानांच्या पिण्याबद्दल, आजारपणाबद्दल बोलले. गदारोळ झाला, दुसरं रॉयल कमिशन नेमावं लागलं. त्याने दारूबद्दलचे सगळे आरोप मान्य केले नाहीत. पण स्टीव्हन्स यांना अल्सर होता, तो नौदलापासून दडवला गेला होता आणि प्रकृतीच्या कारणाने ते कमान सांभाळायला योग्य नव्हते, असा निष्कर्ष काढला. रॉबर्टसन यांच्यावरचा ठपका पुसला गेला.

कॅबन आधी का बोलले नाहीत, असं लोक विचारतात. मी एक्सओ होतो, म्हणून याचं उत्तर मला माहीत आहे. एक्सओला कप्तानाचं सगळं दिसतं. त्याचा गोपनीय अहवालही कप्तानच लिहितो. आणि निष्ठा हा शब्द आमच्या हाडात भिनवलेला असतो: जहाजाची गोष्ट जहाजातच राहते. माझे एक कप्तान बंदरात असताना सकाळी हात थरथरेपर्यंत प्यायचे. मी तीन महिने झाकलं. त्यांच्या नावाने फोन घेतले, भेटी पुढे ढकलल्या, 'साहेबांना ताप आहे' म्हणालो. मी ते त्यांच्या भल्यासाठी करतोय असं मला मनापासून वाटत होतं. शेवटी एका सकाळी धक्क्यावरून जहाज काढताना त्यांनी इंजिनाचा उलटा हुकूम दिला. मी तो मोठ्याने दुरुस्त केला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला राग दिसला नाही, सुटका दिसली. त्याच दिवशी मी स्क्वाड्रनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या माणसाला उपचार मिळाले. मी तीन महिने उशीर केला, आणि त्या तीन महिन्यांत जहाजावर दोनशेच्या वर माणसं होती.

एकटेपणाबद्दल लिहायला हवं. बाहेरच्यांना कप्तानाची केबिन म्हणजे मानाची जागा वाटते. पण कप्तान जेवतो एकटा. वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, तो बोलावल्याशिवाय जात नाही, अशी आमची जुनी रीत आहे. झोप मिळते ती तुकड्या-तुकड्यांत. बरोबरीचं असं जहाजावर कुणीच नसतं. तो जे म्हणेल त्यावर दिवसभर 'आय आय, सर' ऐकू येतं. सहा महिने असं ऐकल्यावर चांगल्या माणसालाही वाटू लागतं की आपण म्हणतो ते बरोबरच असतं. पुढे त्यातल्या काहींना असंही वाटू लागतं की आपण इतकं सोसतो, तेव्हा आपल्याला काही गोष्टी माफ असायला हव्यात. एखादी भेट, एखादं हॉटेल, हाताखालच्या कुणाशी नको ती जवळीक. माझ्या चौकशांत मला राक्षस फार थोडे भेटले. 'मला एवढं तर चालायला हवं' असं मनाशी म्हणालेली माणसं पुष्कळ भेटली.

लेनर्ड फ्रान्सिस या कंत्राटदाराने नेमकं हेच हेरलं होतं. पॅसिफिकमधल्या बंदरांत अमेरिकी जहाजांना पाणी, इंधन, टगबोटी पुरवण्याचा त्याचा धंदा. तो सुरुवात करायचा जेवणापासून. मग हॉटेलं, रोख रक्कम, बायका. बदल्यात अधिकारी त्याला जहाजांची गुप्त वेळापत्रकं द्यायचे आणि जहाजं त्याच्या सोयीच्या बंदरांकडे वळवायचे. नौदलाला किमान साडेतीन कोटी डॉलरचा चुना लागला. २०१३ मध्ये त्याला अटक झाली. 'मस्टिन' या विनाशिकेचे माजी कप्तान २०१६ मध्ये साडेसहा वर्षांसाठी तुरुंगात गेले. खुद्द फ्रान्सिसला, मधे पळून जाऊन व्हेनेझुएलात सापडल्यावर, २०२४ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली. सरकारी वकिलांच्या चुकांमुळे काही अधिकाऱ्यांवरचे गंभीर गुन्हे पुढे टिकले नाहीत, हेही सांगायला हवं. पण पहिल्या जेवणाला 'नको' म्हणणं किती सोपं असतं आणि दहाव्याला किती अशक्य, हे नव्या कप्तानांना मी या प्रकरणावरूनच शिकवत आलो.

वरच्यांना काहीच कळत नाही असंही नाही. कधीकधी कळतं आणि कानाडोळा होतो. 'काउपेन्स' या अमेरिकी क्रूझरच्या कप्तानाला जानेवारी २०१० मध्ये हाताखालच्यांशी क्रूरपणे वागल्याबद्दल काढलं, पण आधीच्या विनाशिकेवरही हीच बोंब होती आणि तरी बढती मिळाली होती. 'एंटरप्राइझ'च्या कप्तानाला २०११ च्या जानेवारीत काढलं ते अश्लील व्हिडिओंबद्दल. ते त्यांनी एक्सओ असताना काही वर्षं आधी बनवले होते आणि साऱ्या जहाजावर दाखवले होते. हजारोंनी पाहिलं, तरी पुढे कमान मिळाली. 'शायलो' या क्रूझरवर कप्तान किरकोळ चुकांसाठी नाविकांना तीन-तीन दिवस ब्रेड-पाण्यावर कोंडायचे. नाविकांनी निनावी पाहणीत लिहून दिलं की हे जहाज तरंगता तुरुंग झालं आहे. एकदा नव्हे, लागोपाठच्या पाहण्यांत लिहिलं. तरी कप्तानांनी नेमणूक पुरी केली. त्याच जहाजावरचा एक नाविक २०१७ मध्ये समुद्रात पडला असं समजून ताफ्याने त्याला दिवसरात्र शोधलं, आणि आठवड्याने तो जहाजाच्याच इंजिनरूममध्ये लपलेला सापडला. माणूस आपल्याच जहाजात लपून बसतो, यापेक्षा मोठी तक्रार ती कोणती? ब्रेड-पाण्याची शिक्षा २०१९ पासून कायद्याने बंद झाली.

आणि कप्तानाला काढलं की काम संपलं, असं मानायची खोड फार वाईट. कप्तान झोपेत असला तरी जबाबदार, हा नियम मला मान्य आहे. १९२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर धुक्यात सात विनाशिका एकामागोमाग एक खडकांवर चढल्या, २३ नाविक गेले. किनाऱ्यावरून रेडिओने मिळालेली दिशा प्रमुखांना खोटी वाटली होती. ते कॅप्टन वॉटसन कोर्ट मार्शलपुढे उभे राहिले आणि सगळा दोष त्यांनी स्वतःवर घेतला. तसंच उभं राहायला हवं. पण 'फिट्झजेराल्ड'च्या वेळी, जून २०१७ मध्ये, जपानस्थित क्रूझर आणि विनाशिकांच्या कर्मचाऱ्यांची ३७ टक्के युद्धसज्जतेची प्रमाणपत्रं मुदत संपलेली होती. ही जहाजं समुद्रावर पाठवणारे कोण होते? दोनच महिन्यांत सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅककेन' या विनाशिकेच्या टकरीत आणखी दहा जण गेले, तेव्हा कुठे सातव्या आरमाराच्या प्रमुखांना हटवलं. 'जमणार नाही, माझी माणसं थकली आहेत' असं वर कळवणारा कप्तान ज्या आरमारात बढतीला मुकतो, तिथे कप्तानही आपल्या वरिष्ठांचा फोन उचलताना तसाच घुटमळतो.

मग करायचं काय? निनावी पाहण्या घ्याव्यात, पण त्या वाचणाऱ्याने महिन्याच्या आत जहाजावर पाऊल ठेवावं. न सांगता जावं. नाविकांच्या मेसमध्ये जेवावं. शिक्षेचं रजिस्टर, बदलीचे अर्ज आणि सिक बेची (जहाजावरच्या दवाखान्याची) वही शेजारी शेजारी ठेवून बघावी. एक्सओचा अहवाल लिहायला कप्तानाखेरीज दुसरा माणूसही असावा. कमान देण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली राहिलेल्या चार-सहा जणांना विचारावं. हे शेवटचं काही आरमारांत आता होऊ लागलं आहे आणि ते फार पूर्वी व्हायला हवं होतं.

माझ्या पहिल्या कमानीत मी एक नियम पाळला. मध्यरात्री कुणीही, कितीही क्षुल्लक कारणाने उठवलं, तरी माझं पहिलं वाक्य 'बरं केलंत' हेच. तरी एकदा चुकलो. समुद्रात इंधन भरताना एका सब-लेफ्टनंटवर सगळ्यांसमोर खेकसलो. त्यानंतरच्या तीन रात्री मला एकही फोन आला नाही, आणि आम्ही चांगल्या गजबजलेल्या पाण्यातून जात होतो. चौथ्या दिवशी मी ब्रिजवर जाऊन, ज्यांच्यासमोर ओरडलो होतो त्यांच्याचसमोर, त्याची माफी मागितली. त्या रात्री पावणेतीनला फोन वाजला. एक बोट होती, धोका काही नव्हता.

तेव्हापासून कुठल्याही जहाजाच्या चौकशीला बसलो की मी सर्वांत आधी डेक लॉग, म्हणजे जहाजाची रोजची नोंदवही, मागवायचो आणि रात्री 'कप्तान ब्रिजवर' अशी नोंद महिन्यात किती वेळा आहे ते मोजायचो. किनाऱ्याजवळ, वर्दळीच्या पाण्यात फिरणारं जहाज आणि नोंदी शून्य, असं दिसलं की साक्षीला पहिला बोलवायचा तो सर्वांत धाकटा वॉचकीपर, आणि त्याच्याशी बोलताना खोलीत त्याच्या जहाजाचं दुसरं कुणी नसेल हे आधी पाहायचं.